सोडलेलं पाणी गेलं कुठे?

ओहोटीच्या वेळी डुमसच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की तापीचं मुख समोर दिसतं आणि पलीकडच्या काठावर हजिऱ्याची धुराडी. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक मोठा, त्यामुळे पाणी हटलं की लांबवर ओली जमीन उघडी पडते. तिथे अनवाणी चालून पाहावं. दहा पावलं काळसर वाळू लागते, पाय टिकतो. पुढच्या दोन पावलांत चिखल, घोट्यापर्यंत. वाळूत टाचेने खड्डा करा, बघता बघता तळाशी पाणी जमतं. तोच खड्डा चिखलात केला तर ताटकळत बसावं लागतं. दोन्ही पाण्याने भरलेलेच असतात. पण वाळू पाणी सोडते आणि चिखल धरून ठेवतो. जमिनीखालचं तेल समजून घ्यायला हा फरक पायाला कळला तरी निम्मं काम होतं.

सुरत ते भरूच या पट्ट्याखाली साधारण चार कोटी वर्षांपूर्वी असाच त्रिभुज प्रदेश होता. नदीने आणलेली वाळू एका जागी, गाळ दुसऱ्या जागी, वर पुन्हा समुद्राचा चिखल, असे थरावर थर बसत गेले. चिखलाचा पुढे शेल नावाचा गच्च दगड झाला आणि वाळूचा वालुकाश्म. त्या वालुकाश्माच्या कणांमधल्या फटींत तेल येऊन बसलं आणि वरच्या शेलने झाकणाचं काम केलं. अंकलेश्वरचं तेल ते हेच. या सगळ्या थरांच्या बुडाशी आपला ओळखीचा काळा दगड आहे. रायगडाचा कडा ज्या दख्खनच्या लाव्ह्याचा, तोच लाव्हा इथे खोल खचून तळ झाला आहे. त्याच्या लगेच वर, त्याच दगडाच्या झिजेतून जमलेला जो थर आहे त्याला भूवैज्ञानिक ओलपाड म्हणतात. सुरतेला लागून असलेल्या ओलपाड तालुक्यावरून पडलेलं नाव.

मी सुरतेत उधन्याला राहतो. कामानिमित्त सुरतेहून भरूचकडे जाणाऱ्या गाडीत बसलो की सायण, कीम, कोसंबा अशी स्टेशनं मागे पडतात आणि उसाच्या फडाआड एखादा लोखंडी पंप मान खालीवर करताना दिसतो. शेजारी बसलेले लोक त्याच्याकडे पाहतही नाहीत, इतका तो रोजचा झाला आहे. कोसंब्याचं तेलक्षेत्र सुरत जिल्ह्यातलंच. अंकलेश्वरला तेल लागलं ते मे १९६० मध्ये. पंडित नेहरूंनी तिथल्या पहिल्या विहिरीचं नाव वसुधारा ठेवलं आणि १९६१ मध्ये नियमित उत्पादन सुरू झालं. म्हणजे या भागातल्या जुन्या विहिरींनी आता साठी ओलांडली आहे.

तेलाची विहीर सुरुवातीला आपोआप वाहते. खाली एक किलोमीटरवर दाब वातावरणाच्या शंभरपट असतो आणि तेलात वायू विरघळलेला असतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यासारखं होतं, वायू फसफसतो आणि तेलाला घेऊन वर येतो. पण बाटलीतला सोडा जसा निवतो तसाच हा जोरही ओसरतो. वायू निघून गेला की उरलेलं तेल घट्ट होतं, दाब पडतो, पंप बसवावा लागतो. नुसत्या या नैसर्गिक जोरावर विसंबलं तर अनेक ठिकाणी शंभरातलं दहा-वीस भाग तेल हाती येतं. बाकीचं दगडातच राहतं. तेल संपलं म्हणून विहीर बंद पडते असं आपण समजतो. खरं तर बहुतेक वेळा तेल ढकलणारा जोर संपलेला असतो.

तो जोर बाहेरून पुरवायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे पाणी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डला सोडून दिलेल्या विहिरींतून वरच्या थरातलं पाणी तेलाच्या वाळूत उतरलं आणि शेजारच्या विहिरींचं तेल वाढलं. जॉन कार्ल या भूवैज्ञानिकाने १८८० मध्येच लिहून ठेवलं होतं की अशा पाण्याने तेल पुढे रेटलं जाऊ शकेल. तरी विहिरीत पाणी सोडणं तिथे बेकायदा होतं, लोक चोरून सोडत. पेनसिल्व्हेनियाने त्याला परवानगी दिली ती १९२१ मध्ये. आता जगभर हा रोजचा व्यवहार आहे. काही विहिरी पाणी सोडायला ठेवायच्या, काही तेल काढायला. पहिलीला इंजेक्टर म्हणतात, दुसरीला प्रोड्युसर. हिशेब असा की जेवढी जागा वरून रिकामी केली तेवढी पाण्याने भरायची. त्यातही एक मेख आहे. खाली वायू विरघळलेलं तेल फुगलेलं असतं आणि वर आलं की आक्रसतं. त्यामुळे टाकीत एक पिंप तेल मोजलं तर खाली पिंपापेक्षा जास्त जागा रिकामी झालेली असते. पाणी पिंपास पिंप सोडलं तर दाब हळूहळू खालावतच राहतो.

इथवर सगळं सरळ वाटतं. पंप लावा, पाणी सोडा, तेल घ्या. अडचण यापुढची आहे आणि ती मला माझ्या वडिलांमुळे कळली.

खानदेशात आमच्या शेताला विहिरीचं पाणी होतं. वडील रात्री दारे धरायला जात, मी कंदील घेऊन मागे. मोटर सुरू झाली की पाटाने पाणी येई आणि एकेक वाफा भरत जाई. एकदा शेवटच्या चार वाफ्यांपर्यंत पाणी पोचेचना. मोटर नीट चालत होती, पाट भरून वाहत होता, वाफे मात्र कोरडे. वडिलांनी मूठभर भुसा पाण्यावर टाकला आणि मला म्हणाले, याच्याबरोबर चाल. भुसा तरंगत निघाला, तिसऱ्या वाफ्यापाशी गरगरला आणि एका जागी दिसेनासा झाला. बांधाला उंदराचं बीळ होतं. सगळं पाणी त्यातून खालच्या नाल्यात जात होतं. वडिलांनी चिखलाचा गोळा करून बिळात कोंबला, वर पाय दिला, आणि अर्ध्या तासात शेवटचा वाफा भिजला.

तेलक्षेत्रातही हेच होतं, फक्त बीळ एक किलोमीटर खोल असतं आणि कंदील तिथे पोचत नाही. वालुकाश्म सगळीकडे सारखा नसतो. जुन्या नदीच्या पात्रातली भरड वाळू पाण्याला सलग वाट देते, पात्राबाहेरची बारीक वाळू अडवते. कुठे भेग असते. पाणी तेलापेक्षा पातळ, ते सोपी वाट धरतं, दोन विहिरींच्या मधलं तेल बाजूला तसंच ठेवून थेट प्रोड्युसरला जाऊन मिळतं. याला ब्रेकथ्रू म्हणतात. एकदा वाट पडली की ती धुऊन आणखी मोकळी होते. मग पंपाची वीज खर्च करून पाणी सोडायचं, तेच वर काढायचं, तेलापासून वेगळं करायचं, स्वच्छ करायचं आणि पुन्हा सोडायचं. जुन्या क्षेत्रांत वर येणाऱ्या शंभर भागांत ऐंशी-नव्वद भाग पाणी असणं नवलाचं नाही. त्या पाण्यातलं किती आपण सोडलेलं आणि किती दगडातलं मूळचं, ते कोणत्या इंजेक्टरकडून आलं, किती दिवसांनी आलं, हे कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकणं म्हणजे अंधारात मोटर चालू ठेवणं. माझ्या मते तेल काढण्याच्या सगळ्या धंद्यात बुद्धीची खरी परीक्षा इथे आहे. पंप कोणीही विकत घेऊ शकतो.

तर मग या पाण्यावर टाकायचा भुसा कोणता?

त्याला ट्रेसर म्हणतात आणि त्याच्या अटी कडक असतात. तो पाण्याबरोबरच चालला पाहिजे, पुढे-मागे नाही. दगडाला चिकटता कामा नये, तेलात शिरता कामा नये, खालच्या उष्णतेने मोडता कामा नये, आणि अफाट पाण्यात मिसळून विरळ झाला तरी सापडला पाहिजे. पाण्याबरोबर सगळ्यात इमानदारीने कोण चालेल? पाणीच. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ट्रिटियम. त्याचे अणू पाण्याच्या रेणूत बसवले की ते पाणी पाण्यासारखंच वागतं, पण त्यातून अत्यंत क्षीण किरण निघतात. इतके क्षीण की कातडीच्या वरच्या मृत थराच्या आत जात नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतीय तेलक्षेत्रांत असं ट्रिटियमचं पाणी इंजेक्टरमधून सोडून आजूबाजूच्या विहिरींत त्याचा माग काढला आहे. बंदरातून उपसलेला गाळ समुद्रात टाकल्यावर कुठे वाहत जातो हे शोधायलाही याच केंद्राने किरणोत्सारी खुणा वापरल्या. विद्या एकच, जागा वेगळी.

ट्रिटियमची एक गोष्ट मला फार आवडते. त्याचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. पावसाच्या पाण्यात ते थोडंसं असतंच, वातावरणात सतत तयार होत असतं. पण लाखो-कोटी वर्षं दगडात कोंडलेल्या पाण्यात त्याचा मागमूस उरत नाही. म्हणून प्रोड्युसरच्या पाण्यात ट्रिटियम दिसलं की वादाला जागाच नाही. ते पाणी वरून आलेलं.

ही मोजणी मी एकदा जवळून पाहिली. तेलविहिरीच्या तोंडावर नळ्या-व्हॉल्व्हची जी लोखंडी रचना असते, तिला सगळे ख्रिसमस ट्री म्हणतात. तिच्या बाजूला नमुना घ्यायची बोटभर नळी. कामगाराने आधी ती उघडून थोडा माल बादलीत जाऊ दिला, कारण नळीत अडकलेला जुना माल नमुन्यात नको. मग बाटली लावली. आत आलं ते तेलही नव्हतं, पाणीही नव्हतं. गुळाच्या काकवीसारखं तपकिरी, फेसाळ, उग्र वासाचं. बाटलीवर विहिरीचा नंबर, तारीख, वेळ. प्रयोगशाळेत त्यात तेल-पाणी फोडणाऱ्या औषधाचे थेंब टाकले, काचेच्या निमुळत्या नळीत भरून ती यंत्रात गरगर फिरवली. नळी बाहेर आली तेव्हा खाली पाणी, वर काळी तेलाची टोपी, मधे एक रेघ. रेघ कुठे आहे ते वाचायचं. शंभरातलं किती पाणी, यालाच वॉटर कट म्हणतात. पुढचं काम त्या खालच्या पाण्याचं. ते गाळायचं, ऊर्ध्वपातन करून शुद्ध करायचं, छोट्या कुपीत एका खास द्रवात मिसळायचं आणि अंधाऱ्या यंत्रात ठेवायचं. ट्रिटियमचा एक अणू फुटला की द्रवात एक सूक्ष्म चमक उठते. यंत्र त्या चमका मोजतं. आठवड्यामागून आठवडे तोच आकडा येतो, निसर्गातला नेहमीचा. नमुने घेणाऱ्याला धीर लागतो, कारण दोन विहिरींमधलं काहीशे मीटर अंतर कापायला पाण्याला महिने लागू शकतात.

आलेल्या आकड्यांची रेघ मात्र खूप बोलते. ट्रेसर लवकर आला आणि टोकदार शिखर करून निघून गेला, तर मधे बीळ आहे. सावकाश आला, बुटक्या रुंद टेकडीसारखा पसरला, तर पाणी दगडभर फिरून, तेल ढकलत आलं आहे. दोन शिखरं दिसली तर दोन थरांतून दोन वाटा. आलाच नाही, तर मधे शेलची भिंत किंवा खचलेला स्तर असू शकतो. शेजारी चार इंजेक्टर असतील तर चौघांना चार वेगळ्या खुणा द्याव्या लागतात. त्यासाठी फ्लोरिनयुक्त बेंझोइक आम्लांची भावंडं कामाला येतात. रचनेत किंचित वेगळी, चालीला सारखी, आणि अब्जात एका भागाहूनही कमी असली तरी ओळखू येतात.

बीळ सापडलं की बुजवायचा चिखलाचा गोळाही आहेच. खाली जाऊन घट्ट होणारा जेल सोडतात, तो मोकळी वाट अडवतो आणि पाण्याला आडरानात शिरायला लावतो. किंवा सगळं पाणीच थोडं दाट करतात. अहमदाबादजवळच्या साणंद क्षेत्रात ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने १९८५ मध्ये पाण्यात पॉलिमर मिसळून तो प्रयोग सुरू केला. पातळ पाणी घट्ट तेलाला भोसकून पुढे जातं. दाट केलेलं पाणी त्याला फळीसारखं रेटतं.

आणखी एक युक्ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाणी फिरून गेल्यावर दगडात किती तेल चिकटून राहिलं, हे एकाच विहिरीतून कळू शकतं. एथिल ॲसिटेट घातलेलं पाणी खाली सोडायचं आणि विहीर काही दिवस बंद ठेवायची. हे रसायन तेलातही रमतं. बंद काळात त्यातल्या काही भागाचं पाण्याशी संयोग होऊन अल्कोहोल बनतं आणि अल्कोहोलला तेलात रस नसतो. मग विहीर उलटी चालवायची. दोघं एकाच ठिकाणाहून परत निघतात. अल्कोहोल पाण्याबरोबर सरळ येतं, एथिल ॲसिटेट वाटेत प्रत्येक तेलाच्या थेंबापाशी थांबत थांबत येतं. बाजारातून दोघे सोबत निघाले आणि एकजण दर दुकानी थांबला, तर त्याला किती उशीर झाला यावरून दुकानं किती ते सांगता येतं. उशिरावरून उरलेलं तेल निघतं.

ट्रेसर फक्त पाणी कुठून निघालं आणि कुठे पोचलं ते सांगतो. मधल्या वाटेसाठी दुसरे कान-डोळे लागतात. इंजेक्टरमध्ये सोडलेलं पाणी थंड असतं, खालचा दगड गरम. काही तास पाणी बंद ठेवून विहिरीत तापमापक उतरवला की ज्या थरांनी पाणी प्यायलं ते उशिरा तापतात. माठाच्या अंगावरून हात फिरवून ओल कुठवर आली ते आपण पाहतो, तसंच. आता विहिरीत तळापर्यंत काचेचा तंतू सोडून ठेवतात. त्यातून परत येणाऱ्या प्रकाशावरून प्रत्येक मीटरचं तापमान वर बसून वाचता येतं. दाबाचाही उपयोग आहे. एक विहीर थोडा वेळ बंद करायची आणि शेजारच्या विहिरीत दाबाची सूक्ष्म लहर कधी पोचते ते पाहायचं. पाणी महिन्यांनी येतं, दाबाची हाक कितीतरी आधी पोचते.

मुंबईच्या लोकांना ओळखीचं मोठं उदाहरण समुद्रात आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राट या समुद्री रिगने बॉम्बे हायला तेल शोधलं, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं, पुढे उरणला ते तेल उतरू लागलं. तिथला दगड वाळूचा नाही, चुनखडीचा. थरांमधे शेलच्या पातळ चकत्या, त्यामुळे एका थरात पाणी भराभर पळतं आणि लगतच्या थराला पत्ता नसतो. १९८४ पासून तिथे पाणी सोडलं जातं, तेही समुद्राचंच. पण जसंच्या तसं नाही. आधी गाळून, कारण कण दगडाची छिद्रं बुजवतात. मग प्राणवायू काढून, कारण नळ गंजतात. मग जिवाणू मारून, कारण समुद्राच्या सल्फेटवर जगणारे जिवाणू खाली हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. समुद्राच्या पाण्याचा एक फायदा असा की ते स्वतःच खूण घेऊन जातं. त्यातल्या सल्फेटचं आणि क्लोराइडचं प्रमाण दगडातल्या मूळ पाण्यापेक्षा वेगळं असतं. प्रोड्युसरच्या पाण्यात ही प्रमाणं सरकू लागली की सोडलेलं पाणी येतंय हे कळतं. जानेवारी २०२५ मध्ये या क्षेत्राचं उत्पादन वाढवायला ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक मदतीसाठी निवडलं. पन्नास वर्षांच्या क्षेत्रात कोणीही हात घातला तरी पाणी कोणत्या थरात गेलं आणि कोणता थर कोरडा राहिला, हा हिशेब त्याला मांडावाच लागतो.

गुजरातमध्येच याहून धाडसी काम झालं आहे. मेहसाणा भागात बलोल आणि सांथाल इथलं तेल इतकं घट्ट की पाण्याने हलत नाही. तिथे विहिरीतून हवा सोडतात आणि खालच्या तेलाचा थोडा भाग खालीच पेटवतात. त्या उष्णतेने पुढचं तेल पातळ होऊन वाहू लागतं. बलोलला पहिला प्रयोग १९९० मध्ये, मोठ्या प्रमाणावर १९९७ पासून. एक किलोमीटर खोल आग लागलेली आणि ती पाहायची कशी? चुलीचा धूर पाहून आई ओळखते ना, लाकूड नीट जळतंय की धुमसतंय, तसं. प्रोड्युसरमधून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड किती, नायट्रोजन किती, प्राणवायू किती, हे नियमित तपासतात. कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि प्राणवायू नाहीसा, तर जाळ चांगला. प्राणवायू न जळताच प्रोड्युसरला पोचू लागला तर हवेने बीळ शोधलं आहे. मग ती विहीर तातडीने सावरावी लागते, कारण तेलवायूत प्राणवायू मिसळला की स्फोटाचा धोका. इथे देखरेख म्हणजे माणसांच्या जिवाचा प्रश्न.

सोडलेल्या पदार्थाचे परिणाम जमिनीच्या पृष्ठभागावरही उमटतात. अमेरिकेत लाँग बीचजवळच्या विल्मिंग्टन क्षेत्रातून तेल उपसल्यावर बंदराची जमीन जवळजवळ नऊ मीटर खचली. १९५८ पासून तिथे मोठ्या प्रमाणावर पाणी सोडायला लागले तेव्हा खचणं थांबलं. उलट बाजूने अल्जीरियाच्या वाळवंटात इन सालाहला २००४ पासून कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडला, तर वरची जमीन वर्षाला पाच मिलिमीटरच्या आसपास उचलली गेली. ते उपग्रहातल्या रडारने दिसलं. एका विहिरीभोवती फुगवट्याचा आकार दोन उंचवट्यांचा निघाला आणि त्यावरून खाली उभी भेग उघडत असल्याचा अंदाज आला. वरच्या झाकणाच्या दगडाची काळजी वाटू लागली आणि २०११ मध्ये वायू सोडणं थांबवलं. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून कार्बन डायऑक्साइड खोल वाळूत सोडला जातो. काही वर्षांच्या अंतराने ध्वनिलहरींनी पुन्हा पुन्हा काढलेल्या चित्रांत तो थराथरांखाली पसरत गेलेला दिसतो.

कार्बन डायऑक्साइडचं नाव निघालं की आम्ही सुरतकर हजिऱ्याकडे पाहतो. बॉम्बे हायच्या शेजारच्या बसीन क्षेत्रातला वायू समुद्राखालच्या नळांतून हजिऱ्याला येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेले असतात. ते वेगळे काढून, गंधक बाजूला करून, स्वच्छ वायू पुढे देशभर जातो. उरतो तो कार्बन डायऑक्साइड. तो अंकलेश्वरच्या थकलेल्या वाळूत सोडावा, ही कल्पना ओएनजीसीने अभ्यासली होती. जुलै २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइलने वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड भरूच जिल्ह्यातल्या गंधार क्षेत्रात वापरण्यासाठी सामंजस्य करार केला. हा वायू ३१ अंशांच्या वर आणि वातावरणाच्या ७३ पटींहून जास्त दाबाखाली ना धड वायू राहतो ना द्रव. द्रवासारखा जड आणि वायूसारखा चपळ होतो. तेलात विरघळतो, तेल फुगवतो, पातळ करतो. पाण्याला न हललेलं तेल त्याने हलतं, आणि त्यातला बराचसा तिथेच कोंडून राहतो.

पण हा पाहुणा पाण्यापेक्षा अवघड. पाण्यात मिसळला की आम्ल बनतो, जुन्या विहिरींचं सिमेंट आणि लोखंड खातो. साठ वर्षांच्या क्षेत्रात सोडून दिलेल्या विहिरी म्हणजे बांधातली खरी बिळं. म्हणून इथे पाळत खालीही हवी आणि वर शेतातही. कॅनडात वेबर्न इथे २००० पासून असा वायू सोडतात. २०११ मध्ये तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने तक्रार केली की आमच्या जमिनीत तोच वायू वर येतोय. संशोधकांनी मातीतला वायू तपासला. तेलक्षेत्रात सोडलेला वायू कोळशापासून केलेला, त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जुना. मातीतला कार्बन ताजा निघाला, मुळं आणि जिवाणू यांच्या श्वासाचा. पाण्यातल्या हेलियमसारख्या निष्क्रिय वायूंनीही तेच सांगितलं. त्या कुटुंबाने प्रश्न विचारला हे मला महत्त्वाचं वाटतं, आणि उत्तर मोजमापाने मिळालं हेही तितकंच.

कोसंबा, अंकलेश्वर, गंधार इथली शेतं अशीच विहिरींना खेटून आहेत. माती उन्हाळ्यात वेगळा श्वास घेते, पावसाळ्यात वेगळा. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू जागे होतात आणि मातीतून कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. हा नेहमीचा चढउतार आधी नोंदलेला नसेल, तर उद्या शेतकऱ्याने बोट दाखवल्यावर कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही, ना त्याला, ना कंपनीला. म्हणून वायू सोडण्याआधीच मोजायला बसायला हवं. कपाशी उभी असताना किती, रान मोकळं असताना किती, पहिल्या पावसानंतर किती, बोअरच्या पाण्याची आम्लता किती. निदान एक पूर्ण वर्ष, एकेका गावाच्या नावाने, आणि ती वही त्या गावच्या पंचायतीत कोणालाही उघडून पाहता येईल अशी.